उजवे बटण दाबून तर पाहा!

घरात संगणक येतो. मुलांचे हात त्यावर पटापट चालू लागतात आणि मोठी माणसे मात्र खुर्ची मागे सरकवून बसतात. ‘अक्षरे फार बारीक आहेत’, ‘तो बाण कुठे जातो तेच कळत नाही’, ‘दोनदा टिचकी मारली तरी काही उघडत नाही’, अशा तक्रारी चार दिवस होतात. मग ‘आता आमचे वय झाले’ असे म्हणून नाद सोडला जातो. वास्तविक वयाचा यात फारसा दोष नसतो. कापड पाहून आपण शिवणयंत्राचा टाका लहानमोठा करतो की नाही? तसाच संगणकही आपल्या डोळ्यांच्या आणि हातांच्या मापाचा करून घेता येतो. तो कुठे बदलायचा, हे माऊसचे उजवे बटण सांगते.

अमेरिकन संशोधक डग्लस एंजेलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४च्या सुमारास तयार झालेला पहिला माऊस लाकडी होता आणि त्याला बटण एकच होते. उजव्या बटणाला आजचे महत्त्व आले ते मुख्यतः १९९५ साली आलेल्या ‘विंडोज ९५’मुळे. तेव्हापासूनचा साधा नियम असा: ज्या वस्तूबद्दल प्रश्न पडला असेल, तिच्यावर बाण न्यावा आणि उजवे बटण दाबावे. त्या वस्तूचे काय काय करता येईल, याची यादी समोर येते. नुसती यादी उघडल्याने काहीही बिघडत नाही. नको असेल तर ‘एस्केप’ची कळ दाबा, यादी मिटते.

आता ‘विंडोज ११’ असलेल्या संगणकावर पुढील तीन उपाय करून पाहा.

अक्षरे बारीक वाटतात? पडद्यावरील मोकळ्या जागी उजवे बटण दाबा आणि ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ निवडा. तेथे ‘स्केल’समोरचा आकडा १०० टक्के असेल तर १२५ किंवा १५० करा. अक्षरे आणि चित्रे दोन्ही मोठी होतील.

बाण सापडत नाही? ‘स्टार्ट’च्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘सेटिंग्ज’ उघडा. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये माऊसच्या बाणाचे पान आहे. तेथे बाण मोठा करता येतो, त्याचा रंगही बदलता येतो.

दोनदा टिचकी जमत नाही? दोन टिचक्यांमध्ये साधारण अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ गेला, तर संगणक त्यांना दोन वेगळ्या टिचक्या समजतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांना हा वेग कसा जमावा? ‘सेटिंग्ज’मधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मध्ये ‘माऊस’चे पान आहे. तेथील अधिकच्या सेटिंग्जमधून ‘माऊस प्रॉपर्टीज’ची चौकट उघडते. तिच्यातील ‘डबल-क्लिक स्पीड’ची पट्टी ‘स्लो’कडे सरकवा. शेजारच्या फोल्डरच्या चित्रावर लगेच चाचणीही घेता येते. तरीही जमेना, तर एकदाच टिचकी मारून ‘एंटर’ दाबावे. घरात कुणी डावखुरे असेल, तर त्याच ‘माऊस’च्या पानावर डाव्या-उजव्या बटणांच्या कामांची अदलाबदल करता येते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि आधी काय होते ते वहीत टिपून ठेवावे. तसेच फाइलवर उजवे बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत ती काढून टाकण्याचीही सोय असते. म्हणून यादी आधी वाचावी, मगच निवड करावी. पडद्याचे ‘रिझोल्यूशन’ चुकून बदललेच, तरी घाबरू नका. बदल ठेवायचा का, असे संगणक विचारतो आणि काही सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर पहिली मांडणी आपोआप परत आणतो.

मुलांना एवढेच सांगणे, की आजी-आजोबांसाठी हे बदल करताना माऊस त्यांच्याच हातात असू द्या. ‘थांब, मीच करून देतो’ म्हणून तो ओढून घेतलात, तर अक्षरे मोठी होतील, पण पुढच्या अडचणीला त्यांना पुन्हा तुम्हालाच हाक मारावी लागेल. उजवे बटण कुठे दाबायचे हे एकदा हाताला कळले, की पुढच्या वेळी ती मंडळी स्वतःच यादी उघडून पाहतील.