आजीला तिचं काम विचारा

रोहण्यात आम्ही काही जणींनी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतल्या. आजोबा मंडळी खुलून बोलली. पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे, बाजार, निवडणुका... सगळं निघालं. आजींकडे वळलो, तर एकच उत्तर, "आमी काय केलं बाई? वावरात गेलो अन् घरी आलो."

मग आम्ही प्रश्नच बदलला. कापूस वेचायला किती वाजता निघायच्या? तान्हं लेकरू कुठं ठेवायच्या? मजुरी कोणाच्या हातात पडायची? त्याच आजी दीड तास बोलल्या! शेवटच्या प्रश्नावर मात्र थांबल्या. "वेचो मी, पैसे घेत हे." शेजारी बसलेल्या मुलाला हे पहिल्यांदाच कळत होतं.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या तोंडून मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा इतिहास २००४ साली पुस्तकात आणला. त्याआधी, १९८९ मध्ये, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायका बोलल्या. त्यांना विचारलं म्हणून त्या बोलल्या.

आपल्या आजीचं नाव बहुधा सातबाऱ्यावर नसतं. तिच्या कष्टाचा पुरावा म्हणजे तिचा आवाज. दुसऱ्या एका आजींना आम्ही "दिवाळीनंतर येतो" म्हटलं होतं. दिवाळी झाली, पण आजी राहिल्या नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, आजच बसा. आधी परवानगी विचारा, नाव आणि तारीख लिहा. "हे नको" म्हटलं, की रेकॉर्डिंग बंद करा. आणि घरच्या माणसांनाही ऐकायला बसवा.