घसरण म्हणजे मरण नव्हे: मुंबई एफसीचा अखेरचा हंगाम आणि महाराष्ट्राचे हरवलेले फुटबॉल क्लब

#थ्रेड #क्रीडाइतिहास

१/ ३० एप्रिल २०१७. शिलाँग येथे ऐझॉल एफसीने शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि मिझोरामच्या या छोट्या क्लबने आय-लीग जिंकली. ईशान्य भारतातील क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याच हंगामाच्या गुणतक्त्यात तळाला होते मुंबई एफसी. ही दोन टोके जोडणाऱ्या माणसाचे नाव खालिद जमील.

२/ मुंबई एफसीची स्थापना २००७ ची. एस्सेल समूहाचा पैसा, डेव्हिड बूथ यांच्यासारखा अनुभवी इंग्रज प्रशिक्षक, पिवळा गणवेश. २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून संघ आय-लीगमध्ये आला. मात्र घरचे मैदान कायमचे हाती नव्हते. कूपरेजचे नूतनीकरण सुरू असताना मुंबईच्या या संघाला काही काळ पुण्यातील बालेवाडीत 'घरचे' सामने खेळावे लागले.

३/ २००९ मध्ये खालिद जमील याच क्लबमधून खेळाडू म्हणून निवृत्त झाले आणि लगेच त्याचेच प्रशिक्षक झाले. पुढील सात वर्षांत त्यांनी मोठा चषक आणला नाही. पण संघाला एकदाही खालच्या श्रेणीत जाऊ दिले नाही. टिकून राहणे हेही कर्तृत्व असते, हे गुणतक्त्यात दिसत नाही. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला आणि ते ऐझॉलला गेले.

४/ मुंबईची सूत्रे संतोष कश्यप यांच्याकडे आली. निकाल बिघडत गेले, तेव्हा हंगाम सुरू असतानाच त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. उपयोग झाला नाही. संघ तळाला राहिला, खाली घसरला आणि त्यानंतर मालकांनी क्लबच मिटवला. दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा वर येण्याचा प्रयत्नही झाला नाही.

५/ 'रेलिगेशनने क्लब संपवला' असे सहज म्हटले जाते. इतिहास या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली आणि १८९८ पासून तळाचे संघ आपोआप खाली व खालचे विजेते आपोआप वर, हा नियम रुळला. या नियमात शिक्षा होती, तसे वचनही होते: आज खाली गेलात तरी परतीची वाट खुली आहे.

६/ रग्बी लीगचा जन्मही याच मातीतला. कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, या वादातून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब हडर्सफील्ड येथे मूळ संघटनेतून बाहेर पडले. गिरण्या आणि खाणींच्या गावांचे हे क्लब. संघ घसरला की गाव हळहळते, पण पुढच्या हंगामात त्याच फाटकातून आत शिरते. तेथे क्लबाचा पाया मालकाच्या ताळेबंदापेक्षा गावात अधिक खोल असतो.

७/ भारतातील पुरावा तपासू. २०१५-१६ च्या हंगामात ऐझॉल स्वतःच घसरले होते. नऊ संघांत ते आठवे होते. नववा संघ होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण थेट प्रवेश मिळवलेल्या संघाला घसरणीतून सूट होती, म्हणून कुऱ्हाड ऐझॉलवर कोसळली. पुढे गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या, ऐझॉलला परत बोलावले गेले आणि तेच विजेते ठरले. नशिबाने दार उघडले हे खरे. परंतु दार उघडले तेव्हा आत शिरायला क्लब जिवंत होता.

८/ गोव्याचा डेम्पो क्लब पाहावा. पाच वेळा राष्ट्रीय विजेता राहिलेला हा क्लब २०१५ मध्ये घसरला, २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून परतीस पात्र झाला, फुटबॉल महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. घसरण त्यालाही चुकली नाही. त्याने मैदान मात्र सोडले नाही.

९/ आता महाराष्ट्राची यादी. महिंद्रा युनायटेड: २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये मालकांनी बंद केला. एअर इंडिया: परवान्याचे निकष पूर्ण न केल्याने २०१३ मध्ये बाहेर. पुणे एफसी: २०१२-१३ चा उपविजेता, दोनच वर्षांनी आवरला. भारत एफसी: २०१४-१५ मध्ये तळाला, घसरणीतून सूट, तरीही एका हंगामात समाप्त. शिवाजीयन्स: २०१७ मध्ये बंद. यांपैकी एकाही क्लबाचा अंत घसरणीने झाला नाही. विजेता असणे कामी आले नाही, आणि नियमाचे संरक्षणही कामी आले नाही.

१०/ मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तीत घसरण नव्हती आणि वर चढण्याचा मार्गही नव्हता. मुंबईतच नवा, झगमगता क्लब उभा राहिला. दूरचित्रवाणी आणि प्रायोजक तिकडे वळले. शिडीची वरची पायरीच काढून घेतल्यावर खालच्या पायरीवर पैसा का ओतावा, हा प्रश्न अवाजवी म्हणता येत नाही. म्हणून दोष एकट्या मालकांचा नाही. शिडी मोडणाऱ्या व्यवस्थेचाही आहे.

११/ उमरी-नांदेडच्या वाचकाला ही कथा दूरची वाटू नये. उमरी हैदराबाद राज्यात होती त्या काळात, १९५० ते १९५४, हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकला. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. भारताला १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके मिळाली ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९६३ मध्ये रहीम गेले आणि हैदराबादी फुटबॉलचे ते वैभव ओसरत गेले. एका खात्यावर आणि एका माणसावर उभा डोलारा किती टिकतो, याचे हे जुने उत्तर आहे.

१२/ म्हणून मागणी घसरण रद्द करण्याची नसावी. घसरलेल्या क्लबाला काही हंगाम आर्थिक आधार मिळावा, जसा इंग्लंडमध्ये मिळतो. परवाना देताना मालकाच्या पैशाबरोबर क्लबाचे सभासद, मैदानावरील हक्क आणि मुलांचे संघही तपासले जावेत. एखादा मालक गेला तर क्लब सभासदांच्या हाती सोपवण्याची वाट असावी.

१३/ खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांना घडवणारा क्लब आज अस्तित्वात नाही. क्लब मिटला की त्याच्या नोंदी, छायाचित्रे आणि सामन्यांची टिपणेही विखुरतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातील कबड्डी, व्हॉलीबॉल वा फुटबॉलच्या एखाद्या जुन्या मंडळाची वही आजच उघडावी आणि जुन्या खेळाडूंशी बोलून तिच्यातील रिकाम्या जागा भरून घ्याव्यात. ते खेळाडू हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

(थ्रेड समाप्त)