एक्सेलच्या शीटमधला शॉकअप

परवा शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याची टीम 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेसाठी खडकाळ रस्त्यावर पळणारी एकट्या ड्रायव्हरची गाडी बनवतेय. 2007 पासून ही स्पर्धा होते. सस्पेन्शनचं गणित करायला या पोरांनी एक्सेलमध्ये स्वतःचं सॉफ्टवेअर बांधलंय. म्हणाला, "काका, आधी आमची चूक दाखवतो."

शॉकअप चाकाच्या आर्मच्या बरोबर मध्यावर बसवलेला. यांनी धरलं, चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा निम्मा मिळणार. प्रत्यक्षात पावच मिळतो, कारण तिथे प्रमाणाचा वर्ग घ्यावा लागतो. स्प्रिंग मिलिमीटरला 20 न्यूटनची असेल, तर चाकापाशी 10 नाही, 5 च. गाडी चाकांवर उभी केली आणि बसली की खाली! दोन रात्री जागून एकेक सेल तपासला, तेव्हा चूक सापडली.

लोक म्हणतात, बाजारात तयार सॉफ्टवेअर आहेत, मग हा उपद्व्याप कशाला? मला हे पटत नाही. तयार सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण ते कसं आलं हे बहुतेक वेळा आत डोकावून बघता येत नाही. स्प्रिंगची तार 10 ऐवजी 11 मिलिमीटरची घेतली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे 46 टक्क्यांनी कडक होते, कारण जाडीचा चौथा घात लागतो. हे सूत्र ज्याने स्वतः लिहिलं, तो ते जन्मात विसरणार नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. शीट बनवणारा पास होऊन नोकरीला गेला की मागचे डोळे मिटून आकडे भरतात. आत काय आहे, कुणालाच ठाऊक नसतं. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांतही हेच चालतं. स्पर्धेत गाडी बसली तर हसं होतं, रस्त्यावर बसली तर माणूस जातो.

म्हणून कॉलेजांकडे तीन मागण्या. अशा शीटला प्रोजेक्टचे मार्क द्या. ती दुसऱ्याने कागद-पेन्सिलने तपासल्याशिवाय वापरू देऊ नका. आणि कुठलं सूत्र का घेतलं, ते मराठीत का होईना, लिहून ठेवायला लावा.

उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'वर आपण खूप हसलो. पण याच पट्ट्यात, अंबरनाथला, 1953 साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. 2021 पासून ती आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे आहे. नक्कल हाताने जमते, पहिला नमुना करायला गणित लागतं.

बदलापूरच्या लोकलला लटकून कॉलेजला जाणारी पोरं ते गणित शिकतायत. तुमच्या कारखान्यात कुणी अनुभवी डिझायनर असेल, तर त्यांना एक रविवार या पोरांसाठी काढायला सांगा. शीट तयार आहे, तपासणारा हवाय.