मानेवरचे ओझे आणि निदानाचा हक्क

घोड आणि भीमेच्या पाण्यावर शिरूर व दौंड तालुके उसाने हिरवे झाले. रांजणगाव व कुरकुंभ येथे कारखाने उभे राहिले. ही समृद्धी ज्या मानांनी प्रत्यक्ष पेलली त्यांची दखल मात्र विकासाच्या कोणत्याही आराखड्यात नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी स्त्री किंवा बाजार समितीतील हमाल यांची मान आखडली, तर 'वय झाले' एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

वयाने मणके झिजतात हे खरेच. मानेच्या सात मणक्यांमधील चकत्या पातळ होतात, हाडाच्या कडा वाढतात आणि कधी त्या शिरांवर दाब आणतात. पण घानामध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण पाहणीत डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांत ही झीज इतरांहून बरीच अधिक आढळली. म्हणजे दोष केवळ वयाचा नाही.

झीज फोटोत दिसली म्हणजे निदान झाले, असेही नाही. काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या फोटोत ती दिसते. खरा प्रश्न मज्जारज्जू दाबला जात आहे काय, हा असतो. बोटे बधिर होणे, सदऱ्याची गुंडी न लागणे, कोयता हातातून निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे ही त्याची लक्षणे होत. या अवस्थेत उशीर झाला तर गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळदा परत येत नाही. प्रथम शंका येण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. हाताची पकड, चाल आणि गुडघ्यावर हातोडीचा हलका ठोका, एवढी तपासणी पुरते. तिला दहा मिनिटे लागतात आणि नेमकी तीच दहा मिनिटे कष्टकऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. त्याला मिळते एक सुई, गोळ्यांची पट्टी, मानेचा पट्टा. कधी नाव नसलेली पुडी, जिच्यात स्टेरॉइड असू शकते. दुखणे दबते, माणूस पुन्हा ओझ्याखाली उभा राहतो आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामकांनी जठर व मूत्रपिंड बिघडते. उलटपक्षी, बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरजच नसते. व्यायाम, ओझ्यात घट आणि थोडी उसंत यांनी त्यांना पुष्कळ आराम पडतो. पण तसे सांगणाराही कोणी भेटत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले, हे स्वागतार्हच आहे. पण फुकट केसपेपर म्हणजे निदान नव्हे. एमआरआयसाठी पुणे गाठावे लागते आणि शिरूरला तर रेल्वेही नाही. मुकादमाची उचल अंगावर असलेल्या तोडणी मजुराला त्या दिवसाचा खाडा पडतो, तो निराळाच. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्याला तिचा आधार मिळतो. पण तेथवर जाऊ नये म्हणून वेळीच तपासून घेऊ पाहणाऱ्याने काय करावे?

कायद्याची तऱ्हाही याहून वेगळी नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग होता. तो असावाच. पण जो ऊस पिळून ते चिपाड निघते तो ऊस वाहणाऱ्या मानेचा रोग तीत नव्हता. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलेला. तो माथा ज्या मानेवर तोलला जातो तिच्या झिजेची भरपाई मात्र कोणी हिशेबात धरली नाही.

गळीत हंगामात कार्यकर्ते तोडणी मजुरांच्या कोप्यांवर जातातच. या खेपेस मजुरीच्या दराबरोबर बोटांची बधिरता आणि चालण्यातला तोल यांचीही विचारपूस व्हावी. अशी लक्षणे दिसतील त्याला खाडा न पडता तपासणीस जाता यावे, हे मुकादम व कारखान्याकडून लेखी घ्यावे. दौंडच्या उपजिल्हा आणि शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात अस्थितज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ ठराविक वारी हजर असावेत, ही मागणी तहसील कचेरीपुढे मांडावी. आणि केसपेपरवर व्यवसायापुढे नुसते 'मजुरी' न लिहिता कोणते ओझे, किती वर्षे, डोक्यावर की पाठीवर, हे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे तोच कागद उपयोगी पडणार आहे.