मांजर घरात, पण बिनकामाचे नको

अपार्टमेंटमध्ये मांजर पाळणे म्हणजे मुक्या जिवाला कोंडून घालणे, असे आपल्यातली बरीच मंडळी म्हणतात. गावाकडचे मांजर कौलांवरून हिंडते, उंदीर मारते, दुपारी ओसरीवर येऊन झोपते. इथे दोन खोल्यांत त्याने करायचे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याला बाहेर सोडणे हे त्याचे उत्तर नव्हे. अमेरिकेतल्या उपनगरांत गाड्या आहेत, कायोटी आहेत. माझ्या मते अडचण चौरस फुटांची नाहीच, बेकारीची आहे.

मांजर हा दिवसातून अनेकदा, थोडे थोडे, शिकार करून खाणारा प्राणी. आपण मात्र सकाळी वाडगा काठोकाठ भरून ऑफिसला जातो. ते खाते, झोपते, लठ्ठ होते आणि लठ्ठपणापाठोपाठ मधुमेहाचा धोका वाढतो. (आपल्या घरांत हे नवीन नाही!) मग इन्शुलिन, तपासण्या आणि बिले. त्यापेक्षा रोजचे खाणे मोजून घ्यावे, त्याचे चार-पाच वाटे करून पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपाटावर, खुर्चीखाली लपवावे. संध्याकाळी दोरीला पीस बांधून दहा मिनिटे पळवावे, शेवटी ते पकडू द्यावे आणि लगेच जेवू घालावे. महागड्या खेळण्यांची गरज नाही. पैसे घालायचेच तर उंचीवर घाला: खिडकीशी एक भक्कम फळी आणि अंग ताणून नखे घासता येतील असा उभा खांब. सोफा वाचवण्यासाठी नखे काढण्याचा विचारही नको. त्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचे टोकाचे हाडच कापतात. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली तिच्यावर बंदी घातली, ते योग्यच झाले.

शाकाहारी घरांतली दूध-पोळी मांजराला पुरत नाही. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचतही नाही. टॉरिन हे द्रव्य त्यांना मांसातून मिळते. ते कमी पडले तर हृदय दुबळे होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ साली दाखवले. मांसाचे खाद्य घरात चालणार नसेल तर मांजर न आणलेलेच बरे.

गणपतीला फुलांचा गुच्छ आणाल तेव्हा त्यात लिली नसावी. अंगाला लागलेले तिचे पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर सोमवारची वाट पाहू नका, त्याच रात्री डॉक्टरकडे न्या. भारतात जाताना घराची किल्ली ज्यांच्याकडे द्याल, त्यांनाही हे दोन्ही सांगून ठेवा.