किड्याची भीती नको, उंदराची गोष्ट सांगा!

‘दात घास, नाहीतर किडा लागेल आणि डॉक्टर सुई टोचतील!’ हे वाक्य लहानपणी तुम्ही ऐकलंच असेल. आणि खरं सांगा, आता घरातल्या भाच्याला, पुतणीला तुम्हीही तेच ऐकवता ना? मीही ऐकवायचे. परवा माझ्या सहा वर्षांच्या भाच्याचा पहिला दात पडला. आजी म्हणाली, उंदराच्या बिळात टाक, नवा येईल. त्यावर पठ्ठ्याने विचारलं, ‘मावशी, नवा येणारच आहे, तर मग घासायचा कशाला?’

प्रश्न चोख होता. आणि त्याचं उत्तर उंदराकडेच आहे.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून तर तो सतत काहीतरी कुरतडून ते झिजवत असतो. शार्कचा दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो, तोही शेवटपर्यंत. हत्तीला दाढांचे सहा संच मिळतात. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही आणि म्हातारा हत्ती अन्न समोर असून उपाशी राहतो. आणि आपण? दुधाचे २० आणि कायमचे ३२. बस्स, दोनच संच. हे ऐकल्यावर भाचा आरशासमोर जाऊन दात मोजायला लागला. सुईच्या धमकीने हे कधीच झालं नव्हतं.

‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ हे मोठ्यांचं आवडतं वाक्यही आता सोडायला हवं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात सरकतात आणि नव्या दातांना जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती कायमची असते! ती गेली की पुन्हा नाही.

भीती दाखवण्यात आणखी एक घोळ आहे. दातात किडा-बिडा नसतोच. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्याने दात पोखरला जातो. मुलांना हे कळतं, फक्त सांगावं लागतं. उलट डॉक्टरांचा बागुलबुवा केला की मूल दुखणं लपवतं आणि दवाखान्यात पोचतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, हे आईबाबांचं काम. पण येताना चॉकलेट कोण आणतं? आपणच ना, लाडके मामा आणि मावश्या! मग थोडी जबाबदारीही घेऊया. रात्री झोपण्याआधी मुलासोबत स्वतःही ब्रश करा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना एकट्याने नीट घासता येत नाही, तेव्हा शेवटचा हात आपण फिरवायचा. आणि गावी गेलात की गाय दाखवा. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात! मग ती गवत कसं तोडते, हे मुलालाच शोधू द्या.

आमच्याकडे आता ब्रश करताना रोज एक प्राणी असतो. काल मगर झाली. आज कोणता, हे भाचा ठरवणार आहे.