पांढरे पडलेले समुद्रफूल



ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर गेलात तर खडकाच्या खाचेत एखादा मऊ, चिकट गोळा चिकटून बसलेला दिसतो. भरतीचे पाणी आले की तोच गोळा उमलतो आणि त्याची बोटे पाकळ्यांसारखी डुलू लागतात. हे समुद्रफूल. नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पोट आहे, आणि डंख मारणाऱ्या त्या बोटांनी तो लहान मासे, कोळंबी पकडून खातो. फिशटँकच्या दुकानात त्याला 'अ‍ॅनिमोन' म्हणतात.

हा विषय घेण्याचे कारण मुंबईच्या एका भगिनीचे पत्र. त्यांचे चिरंजीव लोकांच्या बंगल्यांतले, ऑफिसांतले फिशटँक साफ करण्याचे काम करतात. ग्राहकांनी टाकून दिलेल्या सामानावर त्यांनी घरीही खाऱ्या पाण्याची छोटी टाकी वर्षभर चालवली आहे. एका मालकाने "मेले आहे, फेकून दे" म्हणून दिलेले समुद्रफूल ते पिशवीत पाणी घालून घरी घेऊन आले. रंग पांढराफटक, बोटे आखडलेली. यजमान म्हणतात, "घरात खायचे मीठ आपण मोजून आणतो आणि हा समुद्राचे मीठ विकत आणतो!" ताई विचारतात, हे वाचेल का? खर्च करावा का? की समुद्रात सोडून द्यावे?

ताई, पांढरे म्हणजे मेलेले नव्हे. दुकानात येणाऱ्या उष्ण समुद्रातल्या बहुतेक समुद्रफुलांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. तपकिरी रंग त्या शेवाळाचाच. पाणी तापले, बिघडले किंवा उजेड कमी पडला की शेवाळ निघून जाते आणि समुद्रफूल पांढरे पडते. म्हणजे तुमच्या घरी आलेला पाहुणा उपाशी आहे. काही दुकानदार असे पांढरे पडलेले समुद्रफूल 'खास रंगाचे' म्हणून जास्त भावाने विकतात, कधी पिवळा-जांभळा रंग चढवूनही विकतात. याला आम्ही फसवणूकच म्हणू.

आता पाण्याचे. सगळे मरण-जगणे इथेच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत नुसते खायचे मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही असते. म्हणून स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा मोहही नको. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते आणि पावसाळ्यात ते पातळ होते. फिशटँकसाठी मिळणारे समुद्री मीठच आर.ओ.च्या पाण्यात कालवावे. खारटपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास आकडा हवा. टाकीतले पाणी उडते, पण मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची. खारे पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात टाकीचे लोणचे होईल. दर आठवड्याला सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलले तरी पुरे. मात्र नवे पाणी तेवढेच खारट आणि तेवढेच कोमट असावे.

दुसरा शत्रू उन्हाळा. समुद्रफुलाला २४ ते २७ अंश मानवते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतली टाकी सहज ३२ वर जाते. झाकण काढून पाण्यावर टेबलफॅन सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. अगदीच तापले तर झाकण घट्ट लावलेली बर्फाची बाटली थोडा वेळ तरंगत ठेवावी, एकदम गार करू नये. वीज गेली तर बॅटरीचा एअरपंप हाताशी हवा.

खायला कच्च्या, बिनमिठाच्या कोळंबीचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. बोटांवर हळूच ठेवायचा. थुंकून टाकला तर लगेच उचलायचा. उजेड वाढवायचा तो रोज थोडा थोडा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचे तांब्याचे औषध या टाकीत एक थेंबही पडू देऊ नका. मासा वाचेल, समुद्रफूल मरेल. ते खडकाला चिकटले असेल तर ओढू नका, पाय फाटला की बहुधा संपलेच. स्वतःहून सरकत असेल तर सरकू द्या, फक्त पंपाच्या तोंडाला स्पंज बांधा.

निगा राखली तर हा प्राणी किती जगतो? सर जॉन डालिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणले. ते थंड समुद्रातल्या जातीचे. काचेच्या बरणीत ते राहिले. डालिएल १८५१ साली वारले, त्यांच्यामागे ज्यांनी सांभाळले त्यांच्यातलेही काही वारले, समुद्रफूल जगले. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणू लागले. १८८७ साली एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात ते मेले. किनाऱ्यावरून आणल्याला ५९ वर्षे झाली होती. हौशी लोकांच्या दिवाणखान्यात मात्र असा जीव पुष्कळदा वर्षही काढत नाही.

खर्चाचे म्हणाल तर टाकी आधीच चालू आहे, मीठ लागतेच आहे. कोळंबीच्या तुकड्याने घर बुडत नाही. पण त्याच्यासाठी नवे महागडे दिवे हप्त्यावर घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. उजेड अपुरा असेल तर जुनी, मोठी टाकी असलेल्या एखाद्या जाणकार ग्राहकाला ते देऊन टाकावे. चिरंजीवांच्या कामात अशी माणसे भेटतातच. समुद्रात मात्र सोडू नका. दुकानातले समुद्रफूल कुठल्या देशाच्या समुद्रातले असेल याचा नेम नसतो. त्याच्याबरोबर रोगही आपल्या किनाऱ्यावर उतरतो.

एखाद्या दिवशी ते चिमून लहान झाले, तोंडातून तपकिरी घाण आली, तर घाबरू नका. आतले पाणी टाकून ते पुन्हा फुगते. तोंड सताड उघडे, अंग विरघळू लागलेले आणि कुजका वास आला, तरच ते गेले. मग त्याच घटकेला बाहेर काढा, नाहीतर मासेही जातील. जगले तर रंग परतायला काही महिने लागतात. बोटांवर फिकट तपकिरी छटा दिसू लागली की शेवाळ परत राहायला आले म्हणून समजा.